वाचकांचे प्रश्न : सायकलचा लुकलुकणारा टेल लाइट

प्रश्न : मी ५५५ टायमर आयसी (ठरावीक वेळाने आउटपुट चालू-बंद करणारी चिप) वापरून सायकलसाठी लुकलुकणारा टेल लाइट घरी तयार केला आहे. त्यात एए आकाराचे तीन अल्कलाइन सेल असून तीन लाल एलईडी एकाच रेझिस्टरमधून (धारा मर्यादित करणाऱ्या भागातून) आयसीच्या आउटपुटला जोडले आहेत. सुरुवातीला दिवा उत्तम चालला, पण लवकरच मंद झाला आणि सेल पुरते संपण्याआधीच बंद पडला. काय बदलावे?

उत्तर : दोष मुख्यतः तुमच्या जोडणीचा नाही, परंतु या कामासाठी तुम्ही निवडलेला आयसी योग्य नाही. हान्स कामेनझिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी रचलेला आणि १९७२ मध्ये बाजारात आलेला मूळ ५५५, म्हणजे आजचा एनई५५५, किमान ४.५ व्होल्टवर चालण्यासाठी बनवलेला आहे. नव्या तीन सेलचा दाब (व्होल्टेज) याच्या जेमतेम वर असतो आणि थोड्याच वापरानंतर तो खाली येतो. म्हणून सेलमध्ये पुष्कळ वीज शिल्लक असतानाच तुमचा दिवा थांबतो. शिवाय या आयसीचे आउटपुट ‘वर’ (म्हणजे जास्त दाबाच्या स्थितीत) असतानाही पुरवठ्यापेक्षा सुमारे सव्वा ते दीड व्होल्ट कमीच दाब देते. लाल एलईडीला स्वतःलाच दोन व्होल्टच्या आसपास लागत असल्यामुळे रेझिस्टरसाठी फार थोडा दाब उरतो, आणि सेल किंचित उतरले तरी प्रकाश झपाट्याने कमी होतो.

याहून महत्त्वाची बाब विजेच्या खर्चाची आहे. एनई५५५ स्वतःच साधारण ३ मिलिअँपिअर विद्युतधारा घेतो आणि एलईडी विझलेला असतानाही घेत राहतो. २० मिलिअँपिअरवर चालणारा एक एलईडी एकूण वेळेच्या १५ टक्केच पेटत ठेवला, तर त्याचा सरासरी खर्चही ३ मिलिअँपिअरच होतो. म्हणजे काटकसरीने लुकलुकणाऱ्या दिव्यात आयसीच एका एलईडीइतकी वीज खातो. त्याऐवजी ७५५५ या क्रमांकाचा सीमॉस (फार कमी वीज घेणाऱ्या तंत्राचा) आयसी घ्यावा. त्याच्या पिन त्याच क्रमाने आहेत, तो ४.५ व्होल्टच्या बराच खालीही चालतो आणि त्याचा स्वतःचा खर्च मिलिअँपिअरच्या लहानशा अंशाइतकाच असतो.

दुसरा बदल चमकेच्या लांबीचा आहे. नेहमीच्या जोडणीत वेळ ठरवणारा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) आउटपुट ‘वर’ असताना दोन्ही रेझिस्टरमधून भरतो आणि एकातूनच रिकामा होतो, त्यामुळे आउटपुट ‘वर’ राहण्याचा काळ ‘खाली’ राहण्याच्या काळापेक्षा नेहमीच मोठा असतो. तुमचे एलईडी आउटपुट आणि ऋण टोकाच्या मध्ये असतील, तर ते निम्म्याहून अधिक वेळ पेटलेले राहतात. आउटपुट ‘खाली’ असतानाच दिवा पेटेल अशी व्यवस्था केल्यास हाच दोष उपयोगी पडतो. धन टोक आणि पिन ७ यांच्यामध्ये ४७ किलोओहम, पिन ७ आणि पिन ६ यांच्यामध्ये १० किलोओहम, आणि पिन २ व ६ एकत्र जोडून तेथून ऋण टोकापर्यंत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. चमक सुमारे ०.०७ सेकंदाची आणि मधला अंधार सुमारे ०.४ सेकंदाचा होईल, म्हणजे सेकंदाला साधारण दोन चमका. अशा मोठ्या, इलेक्ट्रोलिटिक प्रकारच्या कपॅसिटरची प्रत्यक्ष क्षमता छापील आकड्यापेक्षा बरीच वेगळी असू शकते, म्हणून वेग थोडा इकडेतिकडे झाला तर काळजी करू नये.

७५५५ कमी दाबावर तीन एलईडींचा भार थेट पेलत नाही. त्यासाठी बीसी५५७ सारखा पीएनपी ट्रान्झिस्टर (आउटपुट ‘खाली’ गेले की चालू होणारा स्विच) लागेल. त्याचा एमिटर धन टोकाला, बेस २.२ किलोओहममधून आउटपुटला आणि कलेक्टर एलईडींकडे जोडावा. ही जोडणी एनई५५५ वर करून पाहू नये. त्याचे आउटपुट पूर्ण वर जात नसल्यामुळे ट्रान्झिस्टर कधीच नीट बंद होत नाही. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र १२० ओहमचा रेझिस्टर द्यावा. एकच सामाईक रेझिस्टर ठेवला, तर ज्या एलईडीला किंचित कमी दाब लागतो तोच बहुतेक धारा ओढून घेतो आणि बाकीचे फिके दिसतात. पिन ८ आणि १ यांच्यामध्ये, आयसीच्या अगदी जवळ, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावण्यास विसरू नका. पिन ४ धन टोकाला जोडलेली असावी.

तीन एलईडींची एकत्रित धारा ६० मिलिअँपिअर धरली, तरी सरासरी खर्च ९ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. एए आकाराच्या चांगल्या अल्कलाइन सेलची क्षमता २,००० मिलिअँपिअर-तासांच्या घरात असते, हे लक्षात घेतल्यास दिवा किती काळ टिकेल याचा अंदाज तुम्हीच करू शकाल.

प्रश्न : मागून येणाऱ्या चालकासाठी स्थिर दिवा चांगला की लुकलुकणारा?

उत्तर : लुकलुकणारा दिवा लक्ष चटकन वेधतो, मात्र चमकांच्या मधल्या अंधारात सायकल किती दूर आहे आणि कोणीकडे वळते आहे हे चालकाला कळत नाही. माझे स्पष्ट मत असे की दोन्ही हवेत. वरच्या सर्किटमध्ये ट्रान्झिस्टरच्या एमिटर आणि कलेक्टर यांच्यामध्ये ४७० ओहमचा एक रेझिस्टर लावला, तर एलईडी कधीच पूर्ण विझत नाहीत; ते मंद पेटत राहतात आणि त्यावर चमका उठतात. खर्च जवळपास निम्म्याने वाढतो, तो करावा. वेगाचे म्हणाल, तर ब्रिटनच्या नियमांत लुकलुकणाऱ्या सायकल दिव्याला मिनिटाला ६० ते २४० चमकांची मर्यादा आहे आणि ती कोठेही पाळण्याजोगी आहे. याउलट जर्मनीत लुकलुकणाऱ्या टेल लाइटला परवानगी नाही, म्हणून आपल्या देशाचा नियम आधी पाहावा. वेग फार वाढवू नये. जलद लुकलुकणे काही अपस्मारग्रस्तांना धोक्याचे ठरू शकते.

प्रश्न : घरगुती दिवा पाऊस आणि धक्के यांत टिकतो का?

उत्तर : टिकतो, पण ब्रेडबोर्डवरचे (सोल्डर न करता भाग खोचण्याच्या पाटीवरचे) सर्किट सायकलवर नेऊ नये. सगळे भाग छिद्रांच्या बोर्डावर सोल्डर करावेत, आणि कपॅसिटर व वायरींचे सांधे हॉट ग्लूने धरून ठेवावेत. धक्क्यांमुळे दिवा मध्येच बंद पडतो तो बहुधा सेलच्या स्प्रिंगपाशी. तेथे सेल घट्ट बसेल असा फोमचा तुकडा दाबून ठेवावा. डबीचे झाकण सिलिकॉनने बंद करताना तळाशी एक बारीक छिद्र सोडावे, म्हणजे आत साचलेले पाणी निघून जाईल. अरुंद कोनाचे एलईडी असतील तर मधला सरळ मागे आणि कडेचे दोन थोडे बाजूंना वळवावेत, नाहीतर तिरप्या दिशेने येणाऱ्याला दिवा दिसतच नाही. आणि सायकलचा लाल रिफ्लेक्टर काढून त्या जागी हा दिवा बसवू नये. सेल संपलेल्या रात्री मागून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशात चमकणारा तोच एक भाग असतो.