संवाद पहिल्या खर्ड्यात सापडत नाहीत

प्रिय मैत्रिणी,

पत्र आणि सोबतचं कथेचं पान मिळालं. तू पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, संवादलेखक व्हायचं म्हणतेस, पण मैत्रिणी म्हणतात की तुझी पात्रं ‘निबंध वाचल्यासारखी’ बोलतात. शिवाय पहिलं पान पंधरा वेळा लिहूनही दुसरं पान उजाडत नाही. तुला या दोन अडचणी वाटतात. मला त्या एकच वाटतात.

तुझ्या पानावर बहीण दार उघडते आणि म्हणते, “दादा, तीन वर्षांपूर्वी तू बाबांशी भांडून घर सोडलंस, तेव्हापासून आईने अंथरूण धरलंय.” आता हे दादाला माहीत नाही का? ती त्याच्याशी बोलतच नाहीये, वाचकाला माहिती पुरवतेय. हेच असं करून बघ:

“चपला बाहेर काढ.”
“आई झोपलीय?”
“तुझ्या खोलीत आता गाद्या ठेवतो आम्ही.”

त्याने विचारलं एक, तिने सांगितलं भलतंच. राग कळला, काळ लोटल्याचं कळलं, आईचं उत्तर तिने मुद्दाम दिलं नाही हेही कळलं. भांडणाची हकीकत पुढे कुठेतरी येईल, घाई नाही.

पण तुझं ते लांबलचक वाक्य चुकीचं नाही, फक्त ते पहिल्या खर्ड्यातलं आहे. पहिल्या खर्ड्यात लेखक स्वतःलाच गोष्ट सांगत असतो, म्हणून पात्रं सगळं उघड करून बोलतात. बोलू दे त्यांना. कोण काय लपवतंय हे शेवटचा प्रसंग लिहून झाल्याशिवाय तुलाही नीटसं माहीत नसतं. मग पहिल्या पानावरचे संवाद आत्ताच घासूनपुसून काय होणार?

जुळवाजुळव, कच्चा खर्डा, पुनर्लेखन, संपादन आणि सर्वांत शेवटी मुद्रितशोधन (छापण्याआधी शुद्धलेखनाच्या चुका काढणं) असा साधारण क्रम असतो. तू खर्डा लिहितानाच ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसतेस, हे तुझ्या पानावरच्या खाडाखोडीवरून दिसतंच आहे. (अक्षर मात्र सुरेख आहे.) अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे यांनी 1958 साली छापून आलेल्या मुलाखतीत एका कादंबरीचं शेवटचं पान 39 वेळा लिहिल्याचं सांगितलं होतं. पण ते शेवटचं पान होतं, म्हणजे त्याआधीची कादंबरी हाताशी होती.

पुनर्लेखनाला बसशील तेव्हा संवाद मोठ्याने वाच. जिथे धाप लागते तिथे वाक्य तोड. पात्रांची नावं झाकून कोण बोलतंय ते ओळखू येतं का बघ. ‘ती कडाडली’, ‘तो उद्गारला’ याऐवजी ‘म्हणाली’, ‘म्हणाला’ पुरतं, आणि पुष्कळदा तेही लागत नाही, कारण मराठीत क्रियापदच बाई की पुरुष ते सांगून टाकतं. आणखी एक सोय आपल्याकडे आहे: तू, तुम्ही, आपण. वीस वर्षं ‘तुम्ही’ म्हणणारी बायको एका वाक्यात ‘तू’वर आली, तर तो संवाद राहत नाही, घटना होते. बाकी खरं बोलणं जसंच्या तसं उतरवू नकोस. खऱ्या गप्पांत ‘म्हणजे’ आणि ‘ते आपलं हे’ यांचाच भरणा असतो.

आता करिअरचं. चित्रपट-मालिकांत कथा, पटकथा आणि संवाद ही कामं अनेकदा वेगवेगळ्या माणसांकडे असतात. संवादलेखकाच्या हाती दुसऱ्याने बांधलेला प्रसंग येतो आणि वेळ थोडा असतो. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा ढोबळ हिशोब. म्हणजे लाडकं वाक्य कापावं लागतं, तेही दुसऱ्याच्या सांगण्यावरून. ते जमणार असेल तरच या वाटेने जा. श्राव्य नाटकं, डबिंगच्या संहिता आणि संपादन यांतही हाच कान कामाला येतो.

पदवी सोडायचा विचार तूर्त बाजूला ठेव. काम देणारा आधी पूर्ण झालेलं लिखाण मागतो, आणि तुझ्याकडे आज एक पान आहे. सहा महिन्यांत तीन कथा शेवटापर्यंत ने, वाईट झाल्या तरी चालेल. प्रत्येक खर्ड्यावर तारीख टाक, जुना फाडू नकोस. पुढच्या पत्रात या भावंडांच्या कथेचा पहिला आणि तिसरा खर्डा, दोन्ही पाठव.