उत्तर : आर्थिक, व्यापार आणि परराष्ट्र धोरणाचा ‘परस्परसंबंध’ कसा लिहायचा

तुम्ही लिहिलंय की एम.ए.च्या पहिल्या वर्षाला ही तिन्ही धोरणं आहेत, व्याख्या तोंडपाठ आहेत, पण ‘परस्परसंबंध उदाहरणासह स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की पानभरही लिहून होत नाही. वर अभ्यासकेंद्र सांगतंय की नोट्समधलंच लिहा. वाचून राहवलं नाही, कारण माझंही घोडं नेमकं इथेच अडलं होतं.

मी प्राध्यापक नाही. दूरस्थ पद्धतीने एम.ए. केलं आणि आता स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवते, एवढाच माझा अधिकार. विद्यापीठागणिक अभ्यासक्रम बदलतो, त्यामुळे गुणांची हमी देत नाही. रेपो दर, वित्तीय तूट, व्यवहारतोल हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

माझं मत ठाम आहे : व्याख्येपासून सुरुवात करू नका, सरकारच्या एखाद्या निर्णयापासून करा. तो कुणी घेतला, कोणत्या कायद्याखाली घेतला, झळ कुणाला बसली आणि सीमेपलीकडून कोण बोललं, एवढं शोधलं की तिन्ही धोरणं आपोआप समोर येतात. मी निफाड तालुक्यातली, म्हणून कांदा घेते. तुम्ही साखर घ्या, तूर घ्या, खाद्यतेल घ्या.

७ डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदीची अधिसूचना शोधा आणि मूळ वाचा, एखाद-दोन पानांचीच आहे. वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या विदेश व्यापार महासंचालनालयाने ती १९९२ च्या विदेशी व्यापार कायद्याखाली काढली. कांद्याची निर्यात ‘मुक्त’ होती ती ‘प्रतिबंधित’ झाली, ३१ मार्च २०२४ पर्यंत. हे झालं व्यापार धोरण. पण त्याआधीचे चार महिने पाहा. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ते अर्थ मंत्रालयाचं, सीमाशुल्काच्या कायद्याखालचं. ऑक्टोबरअखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याहून स्वस्तात बाहेर विकायचं नाही, ते पुन्हा वाणिज्यकडून. मधल्या काळात लासलगावचे लिलाव बंद पडले आणि केंद्राने नाफेड व एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत क्विंटलला २,४१० रुपयांनी आणखी २ लाख टन कांदा घ्यायचं ठरवलं, ते ग्राहक व्यवहार खात्याकडून. शुल्क, किमान मूल्य आणि बंदी ही तीन वेगळी हत्यारं आहेत. ‘सरकारने निर्यात रोखली’ असं एका वाक्यात लिहिलंत की अर्धे गुण तिथेच गेले.

हे सगळं कशासाठी? किरकोळ बाजारातला भाव आवरण्यासाठी. महागाई ४ टक्क्यांवर, फार तर दोन टक्के इकडेतिकडे, ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी रिझर्व्ह बँकेवर आहे. पण भाजीपाल्याचे भाव रेपो दराने, म्हणजे रिझर्व्ह बँकेने व्याजदर वाढवून, उतरत नाहीत. मग सरकार पुरवठ्याला हात घालतं. हे आर्थिक धोरण. लोकसभा निवडणूक काही महिन्यांवर होती हेही लिहा, तुमचा विषय राज्यशास्त्र आहे.

आता त्याच अधिसूचनेतलं अपवादाचं कलम. जहाजात माल चढायला लागला असेल तर जाऊ द्या, कस्टम्सच्या ताब्यात दिला असेल तर जाऊ द्या, वगैरे झाल्यावर एक ओळ येते : दुसऱ्या देशाच्या सरकारने विनंती केली आणि केंद्राने परवानगी दिली, तर निर्यात करता येईल. परराष्ट्र धोरण त्या ओळीत आहे. मार्च २०२४ मध्ये तसंच झालं. बांगलादेशला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा पाठवायला मंजुरी मिळाली, तीही ‘नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्सपोर्ट्स’ या एकाच संस्थेमार्फत. खासगी निर्यातदाराला दार बंद, ढाक्याने मागितलं तर उघडं. मित्रदेशाची गरज भागवणं मला चूक वाटत नाही. पण त्याची किंमत साठवणीच्या चाळीत कांदा घेऊन बसलेल्या शेतकऱ्याने का मोजायची, याचं उत्तर कुठल्याच प्रसिद्धिपत्रकात सापडत नाही, आणि चांगल्या उत्तरात हा प्रश्न यायला हवा.

राज्यघटना विसरू नका. शेती राज्यसूचीत, परदेशी व्यापार संघसूचीत ४१ व्या क्रमांकावर. म्हणून नाशिकच्या शेतकऱ्याचा राग मुंबईवर निघतो आणि निर्णय दिल्लीत होतो, राज्याच्या मंत्र्यांच्या हातात निवेदनच उरतं. अर्थशास्त्राचा विद्यार्थी हे सहसा लिहीत नाही. तुम्ही लिहा.

सीमेपलीकडचं बोलणंही नोंदवा. २०१९ ला बंदी आली तेव्हा बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या आणि स्वयंपाक्याला कांदा न घालायला सांगितल्याचं त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवलं. वर्षभरात, १४ सप्टेंबर २०२० ला, पुन्हा अचानक बंदी. सीमेवर ट्रक अडकले, बांगलादेशने नाराजी कळवली. असं वारंवार झालं की गिऱ्हाईक दुसरीकडे बघायला लागतं.

हीच २०२० ची बंदी मी गृहपाठात लिहिली होती. गंमत बघा, बंदीच्या दुसऱ्याच दिवशी लोकसभेने जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. भाव अवाच्या सवा वाढले तरच कांद्यावर साठ्याची मर्यादा, एरवी मोकळीक, असं तेव्हा ठरलं (२०२१ मध्ये ती दुरुस्ती रद्द झाली). देशातल्या बाजाराला स्वातंत्र्य आणि बाहेरच्या बाजाराला कुलूप, एकाच आठवड्यात. अभ्यासकेंद्राने माझा तो गृहपाठ ‘नोट्सबाहेरचा’ म्हणून परत केला. त्या नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. नीती आयोग येऊन साडेपाच वर्षं झाली होती, पण त्यांत नियोजन आयोग अजून योजना आखत होता आणि जागतिक व्यापार संघटनेला एक ओळ होती. मुकाट्याने नोट्समधून उतरवून दिलं. निकालात अंतर्गत गुणांसमोर ‘अनुपस्थित’. केंद्र म्हणे आम्ही यादी पाठवली, विद्यापीठ म्हणे आली नाही. पोच मागितली होती तेव्हा ‘आम्ही कुणालाच देत नाही’ असं ऐकवलं होतं. अर्जावर अर्ज केले, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ यापुढे काही सरकलं नाही, आणि माझं अख्खं वर्ष गेलं. नोकरीची एक जाहिरात त्यात हुकली. आजही लिहिताना संताप होतो, कारण यात शिकणाऱ्याचा काडीचा दोष नसतो आणि भोगतो तोच.

म्हणून कळकळीने सांगते, गृहपाठाच्या पहिल्या पानावर शिक्का आणि तारीख घ्या, तिथेच फोटो काढा. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, ती पावती तरी हातात राहते. आणि अभ्यासक्रम केंद्राकडून नको, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. माझ्या अभ्यासक्रमात ‘समकालीन उदाहरणांसह’ असं स्पष्ट छापलेलं होतं.

दुसरं उदाहरण १९९१ चं. ते सगळेच लिहितात, पण ‘उदारीकरण, खासगीकरण, जागतिकीकरण’ अशी माळ ओवून थांबतात. सुरुवात आखातातून करा. इराकने कुवेत घेतलं, तेल भडकलं, तिथल्या आपल्या माणसांकडून येणारा पैसा आटला, लाखाहून जास्त भारतीयांना विमानाने परत आणावं लागलं. सोव्हिएत संघाबरोबरचा रुपयांतला व्यापारही कोसळत होता. परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलैत रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं गहाण पडलं. १ आणि ३ जुलैला रुपयाचं अवमूल्यन, ४ जुलैला व्यापार धोरणात बदल, २४ जुलैला अर्थसंकल्प. पुढे जानेवारी १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध. मात्र या शेवटच्या गोष्टीचं कारण फक्त पैशाची चणचण असं ठोकून देऊ नका, शीतयुद्धही संपलं होतं.

आणि ‘व्यापार नेहमी परराष्ट्र धोरणामागे जातो’ असा सरसकट निष्कर्ष टाळा. पुलवामानंतर पाकिस्तानचा ‘सर्वाधिक पसंतीचा देश’ हा व्यापारी दर्जा काढला, आयातीवर २०० टक्के शुल्क लावलं, कारण तो व्यापारच तुटपुंजा होता, तोडायला परवडला. गलवाननंतर चिनी अ‍ॅप्सवर बंदी आली, पण चीनकडून आयात पुढे वाढतच गेली. औषधांचा कच्चा माल आणि इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग एका रात्रीत दुसरीकडून आणता येत नाहीत.

वाचायला पीआयबीची (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची) मराठी प्रसिद्धिपत्रकं आणि आर्थिक पाहणीतलं परकीय व्यापाराचं प्रकरण पुरे. यूट्यूबवरचे ‘दहा मिनिटांत परराष्ट्र धोरण’ छाप व्हिडिओ मी मुलांना बघू देत नाही. कुणाला उपयोग झाला असेल तर त्यांनी जरूर सांगावं.

आता ४ नोव्हेंबर २०१९ ला भारताने बँकॉकमध्ये ‘आरसेप’ या आशिया-प्रशांत देशांच्या मुक्त व्यापार करारातून अंग काढून घेतलं, तो निर्णय घ्या. न्यूझीलंडच्या दुधाची भीती आणि चीनबरोबरची व्यापारी तूट या दोन टोकांपासून सुरुवात करा, दीड-दोन पानं लिहा आणि इथेच टाका. रविवारी मला वेळ असतो, वाचून कळवते.