मुलीशी बोलणं तुटलंय, नवरा मुंबईत, ऑनलाइन काऊन्सेलिंगचा खरंच उपयोग होतो का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि दोन वर्षांपूर्वीचं आमचंच घर डोळ्यासमोर आलं. मुलगी 13 वर्षांची, दार लावून बसते, सासूबाई म्हणतात तूच लाडावून ठेवलीस, नवरा मुंबईहून फोनवर फक्त ओरडतो, आणि ऑनलाइन काऊन्सेलिंग घ्यायचं तर पैसे उकळतील अशी भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय. भीती बरोबर आहे, माझे उकळले होते. दुसऱ्या खेपेला मात्र उपयोग झाला, म्हणून दोन्ही सांगते.

आम्ही देवगड तालुक्यातले. हे नालासोपाऱ्याला राहतात, गणपतीला आणि शिमग्याला येतात, मे महिन्यात रजा मिळाली तर आंब्याला. मुलगा तेव्हा आठवीत होता. शाळेतून आला की दप्तर टाकायचा आणि फ्री फायर, जेवायला हाक मारली की हूं, एकदा मी मोबाईल ओढून घेतला तर ताट भिरकावलं त्याने. मी घाबरले, ताटाला नाही, त्याच्या तोंडाकडे बघून.

पहिली बाई मी इन्स्टाग्रामवर रील बघून शोधली. 6 सेशनचं पॅकेज, 5,400 रुपये आधी भरा. पहिल्या पंधरा मिनिटांत तिने निदान करून टाकलं, दुसऱ्या सेशनला पोराचं नाव विसरली, तिसऱ्याला तिचा पॅरेंटिंगचा कोर्स विकायला लागली, मी बंद केलं, पैसे गेले ते गेले. नंतर कळलं की चार-सहा महिन्यांचा कोर्स करून पण लोक काऊन्सेलर म्हणवून घेतात. तेव्हा शिक्षण काय ते सरळ विचारा, सायकॉलॉजीत एमए किंवा एमएस्सी आहे का, लहान मुलांसोबत काम केलंय का. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणत असेल तर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी नंबर असतो, तो मागा. चांगली व्यक्ती रागावत नाही. पॅकेज घेऊ नका, एकेका सेशनचे पैसे द्या. आणि मराठीत बोलणारीच बघा, आपल्याला रडू येतं ते इंग्लिशमध्ये येत नाही.

पैसे घालवायच्या आधी 14416 ला फोन करून बघा. टेली मानस, सरकारी आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट, 24 तास, मराठीत बोलता येतं. मी एकदा रात्री अकराला केला होता, पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली तुम्हाला एकाच व्यक्तीशी नियमित बोलायची गरज आहे. मग शाळेतल्या एका मैत्रिणीच्या ओळखीने दुसऱ्या मॅडम मिळाल्या, पुण्याच्या, 800 रुपये सेशन, 50 मिनिटं.

आता खरी अडचण सांगते जी कोणी सांगत नाही. बोलायचं कुठे? आमचं घर म्हणजे ओटीवर सासूबाई, पडवीत पोरगा, माजघरात बोललेलं परसात ऐकू जातं, आणि रेंज तर घरात धड नाहीच. मग मी स्कूटी घेऊन सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर जायचे. कातळावर एका ठिकाणी दोन कांड्या येतात, तिथे स्कूटी स्टँडला लावून, छत्री उघडून बसायचं आणि बोलायचं. व्हिडिओ दोनदा अडकला तेव्हा मॅडमच म्हणाल्या नुसत्या आवाजावर बोलू, काही बिघडत नाही. बरंच झालं, चेहरा दिसत नसला की मी जास्त खरं बोलते. वाडीत मात्र चर्चा सुरू झाली की ही दर बुधवारी सड्यावर कोणाशी बोलते :) सासूबाईंनी विचारलंच, "आमच्या घरातला त्या बाईक कित्याक सांगतस?" (घरातलं त्या बाईला कशाला सांगतेस?) मी म्हटलं आई, तुम्ही पण या बोलायला. नाही आल्या तेव्हा.

मला वाटलेलं मॅडम पोराला समजावतील. तर त्यांनी मलाच काम दिलं, आठवडाभर पोराशी बोललेलं प्रत्येक वाक्य लिहून काढायचं, फक्त माझं. मी कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहायला लागले. उठ. आंघोळ कर. किती वेळ तो मोबाईल. पप्पांना सांगू का. जेव. अभ्यास झाला का. बाजूच्या घरचा बघ. सात दिवसांत एक वाक्य असं नव्हतं की ज्याला तो हो-नाही सोडून काही उत्तर देऊ शकेल. ते पान वाचून दाखवताना माझाच गळा दाटून आला, सड्यावर, गुरं चरतायत बाजूला.

पोरगा स्वतः फक्त तीन वेळा बोलला त्यांच्याशी. पहिल्या वेळी त्यांनी आम्हा दोघांसमोर सांगितलं की तू सांगशील ते आईला कळणार नाही, फक्त तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल. मी नंतर खोदून खोदून विचारलं काय म्हणाला, त्यांनी दाद दिली नाही. राग आला होता मला, 800 रुपये मी देतेय ना! पण त्यामुळेच तो दुसऱ्यांदा बोलायला तयार झाला.

हे मात्र पहिल्या रविवारी मॅडमशी बोलायला बसले आणि पाच मिनिटांत "आवाज येत नाय" म्हणून कट करून मोकळे. ऑनलाइनचा फायदा हा की माणूस नालासोपाऱ्यात असला तरी पुढच्या रविवारी परत पकडता येतो. तिसऱ्या वेळी बसले नीट. मॅडमनी त्यांना एवढंच सांगितलं, महिनाभर फोनवर मार्कांचा विषय काढायचा नाही. मग बोलायचं काय हा त्यांना खरंच प्रश्न पडला, दोन दिवस फोनच नाही. नंतर एकदा पोरगा खाडीवर गरी घेऊन गेला होता तर याच्या बापाने व्हिडिओ कॉलवर गाठ कशी मारायची ते दाखवलं, तिकडे बुटाच्या लेसने, अर्धा तास चाललं ते. मासा काही लागला नाही.

मोबाईल सुटला का? नाही. रात्री दहाला ओटीवर चार्जिंगला लागतो, माझा पण आणि सासूबाईंचा पण, कारण गुपचूप मोबाईल देणारी आजीच होती हे नंतर उघड झालं.

तुमच्या मुलीबद्दल एक विचारते, ती दार लावून बसते ते कधीपासून? एकदम सुरू झालं असेल, जेवण-झोप बिघडली असेल, हातावर वळ किंवा कापल्याच्या खुणा दिसत असतील, मरणाचं बोलत असेल, तर ऑनलाइन शोधत बसू नका, लगेच डॉक्टरला दाखवा, औषध लागलं तर ते सायकियाट्रिस्टसारखा डॉक्टरच देऊ शकतो, काऊन्सेलर नाही. तुम्ही रत्नागिरीच्या बाजूच्या असाल तर तिथे सरकारी मनोरुग्णालय आहे, नावाला घाबरू नका, ओपीडीत दाखवून लोक संध्याकाळी घरी येतात. आणि तिला कोणी त्रास देतंय असं कळलं तर 1098 ला फोन करा, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे ती.

तसं काही नसेल तर या आठवड्यात ते वाक्यांचं करून बघा, त्याला पैसे लागत नाहीत. आणि पावसाळ्यात सड्यावर बिलकुल जाऊ नका, विजा पडतात. जून ते सप्टेंबर मी बहिणीच्या माडीवर जाऊन बोलायचे, तिला सांगितलेलं शिवणाचा ऑनलाइन क्लास आहे. तिने नंतर ब्लाऊज शिवायला आणून दिला.