‘मॅडम, मला गेम सुचतच नाहीये’

गेल्या काही वर्षांत माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की समोरचा खुर्चीत टेकतो न टेकतो तोच मला ते ऐकू यायला लागतं. बहुतेक पंचविशी-तिशीतली मुलं, आता मुलीही. कुणी हिंजवडीतली नोकरी सोडून आलेलं, कुणी अ‍ॅनिमेशनचा कोर्स केलेलं, कुणी घरी अजून सांगितलेलंच नसतं. स्वतःचा व्हिडिओ गेम करायचाय. कोडिंग येतं, यूट्यूब बघून गोडोट किंवा युनिटी ही गेम बनवायची सॉफ्टवेअर शिकून झालीत, लॅपटॉप चांगला आहे. कल्पना तेवढी नाही. मग आवाज खाली येतो आणि खरा प्रश्न बाहेर पडतो, ‘माझ्यात क्रिएटिव्हिटीच नसेल का हो?’

त्या सगळ्यांसाठी निनादची गोष्ट लिहिते आहे. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत, आणि लिहिण्याआधी त्याला विचारलंय.

निनाद २८ वर्षांचा. आठ महिन्यांपूर्वी राजीनामा दिलेला. वडील एसटीत कंडक्टर, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. पहिल्या भेटीत त्याने सॅकमधून एक जाडजूड वही काढून माझ्यासमोर ठेवली. आत १४३ कल्पना, नंबर घालून. प्रत्येकीपुढे लाल फुली आणि एका शब्दात कारण: ‘झालंय’, ‘बालिश’, ‘चालणार नाही’, पुन्हा ‘झालंय’.

‘यातली एखादी करून बघितलीस?’

‘करण्यासारखी असती तर केली असती ना, मॅडम.’

सुचत नाही म्हणणाऱ्या मुलाकडे १४३ कल्पना होत्या. मी वही मिटली आणि विचारलं, ‘हवी असलेली कल्पना आली, तर ती ओळखणार कशी?’

त्याचं उत्तर तयार होतं. ‘वेगळीच पाहिजे. चाललीच पाहिजे. आणि बाबांना सांगितल्यावर त्यांना कळलंच पाहिजे, मी नोकरी का सोडली ते.’

ही तीन वाक्यं मी कागदावर लिहिली, तिन्हींतल्या ‘च’भोवती गोल केला आणि कागद त्याच्याकडे सरकवला. तो बराच वेळ बघत बसला.

मी ज्या विचारपद्धतीने काम करते, तिचा पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी घातला. माणूस घटनेपेक्षा स्वतःच्या हट्टी मागण्यांनी जास्त अडतो, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. त्यांना ही मागणी इंग्रजीत पकडायला ‘मस्ट’ हा अख्खा शब्द लागला. आपल्याला एक अक्षर पुरतं. ‘गेम वेगळा असावा’ ही इच्छा आहे आणि इच्छा माणसाला कामाला लावते. ‘वेगळाच असला पाहिजे’ म्हटलं की माणूस परीक्षक होऊन लाल पेन हातात घेतो. इतक्या वर्षांत माझ्या खोलीत सगळ्यात जास्त माणसं या एका अक्षराशी अडखळलेली मी पाहिली आहेत, आणि ते ऐकायला मी स्वतःचा कान तयार केला आहे.

निनादच्या तिसऱ्या ‘च’कडे नीट बघा. त्याला कल्पनेकडून गेम नको होता, राजीनाम्याचं समर्थन हवं होतं. आठ महिन्यांचा बुडालेला पगार, आईची काळजी, नातेवाइकांचं ‘सध्या काय चाललंय?’ या सगळ्याचं उत्तर एका कल्पनेने, तीही जन्मायच्या आधी, द्यायचं होतं. इतकं ओझं घेऊन कुठली कल्पना उभी राहील?

म्हणून आम्ही आधी दोन प्रश्न वेगळे केले. नोकरी सोडली ते बरोबर की चूक, हा एक. गेम कशाचा करायचा, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बँकेच्या पासबुकात आणि घरच्यांशी होणाऱ्या बोलण्यात आहे. शिल्लक किती महिने पुरेल ते त्याने माझ्यासमोर मांडलं: पाच. मग आठवड्यातले तीन दिवस बाहेरचं काम घ्यायचं ठरलं. हे ऐकून काही मुलं नाराज होतात, त्यांना ती माघार वाटते. त्यांना मी एरिक बरोन यांचं उदाहरण देते. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम त्यांनी चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने बनवला, २०१६मध्ये तो आला. त्या काळात ते सिएटलच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायचं अर्धवेळ काम करत होते आणि घराचा मोठा भार त्यांच्या जोडीदाराने उचलला होता. आणखी एक. ती कल्पना ‘वेगळीच’ मुळीच नव्हती. लहानपणी आवडलेल्या एका जपानी गेममालिकेसारखं काहीतरी करू, त्यात हात बसेल, नोकरी शोधताना दाखवता येईल, अशी ती सुरुवात होती. निनादच्या वहीत तिच्यापुढे नक्की ‘झालंय’ लिहिलं गेलं असतं.

पण माहितीने माणूस बदलत नाही. पुढच्या भेटीला मी त्याला मुद्दाम तीन बेकार कल्पना आणायला सांगितल्या. तो रिकाम्या हाताने आला. ‘बेकारसुद्धा नीट बेकार पाहिजे ना, मॅडम.’ बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी ऐकू आलं.

पाचव्या भेटीला तो वीस मिनिटं उशिरा आला, चिडलेला. सिटी बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून भांडण झालं होतं. ‘बाबांनी असं कधीच केलं नसतं.’

‘मग काय केलं असतं?’

खरंतर मी त्याला शांत करायला विचारलं होतं. तो उठला. माझ्या टेबलावर रिक्षासाठी एका वाटीत सुटे पैसे ठेवलेले असतात, ती वाटी त्याने ओढली. कोपऱ्यातल्या खुर्च्या ओळीत लावल्या.

‘सकाळची पहिली गाडी. चाळीस माणसं. पुढचा टप्पा सहा किलोमीटरवर, त्याच्या आत सगळ्यांची तिकिटं फाडून झाली पाहिजेत. त्या वेळी मशिन नव्हतं, पत्र्याच्या ट्रेमध्ये रंगीत तिकिटांचे गठ्ठे. भाडं जुळवायला दोन-तीन तिकिटं एकत्र द्यायची, पंच मारायचा. आणि सकाळी प्रत्येकाकडे शंभराची नोट. सुट्टे तुमच्याकडे नाहीतच. मग? तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायची. पण ती लक्षात ठेवायची, तो उतरायच्या आत पैसे गोळा करायचे. नाहीतर दोघांना मिळून एक नोट द्यायची, “दोघांत घ्या.” पण कुणा दोघांना? एकाच गावाला उतरणारे पाहिजेत. आणि भांडणार नाहीत असे. ते चेहऱ्यावरून ओळखायचं. हिशेब कमी आला तर पदरचे भरायचे.’

तो बोलत होता, नाणी हलवत होता, मध्येच दोरी ओढल्यासारखा हात वर करून डबल बेल देत होता. मी घड्याळ बघितलं. बावीस मिनिटं झाली होती आणि ‘ओरिजिनल’ हा शब्द एकदाही आला नव्हता.

अशा वेळी बोलण्याचा मोह फार होतो. ‘बघ, सापडली की तुझी कल्पना!’ असं मी म्हटलं असतं, तर ती माझी झाली असती आणि दुसऱ्या दिवशी तिच्यापुढेही लाल फुली पडली असती. मी म्हटलं, ‘दे ती वाटी. मी कंडक्टर होते.’

तो एकेक प्रवासी झाला. म्हातारी झाला, कॉलेजचा पोरगा झाला. दुसऱ्या टप्प्याला मी दोन वेगवेगळ्या गावांना उतरणाऱ्यांना मिळून एक नोट दिली. तो खळखळून हसला. ‘गेले मॅडम, तुमच्या खिशातून!’ आणि हसता हसता थांबला. टेबलावरच्या नाण्यांकडे बघत म्हणाला, ‘हे वहीत नाहीये.’

‘नाही.’

‘लिहावंसं वाटलंच नाही. हे तर घरचं आहे.’

तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोलले नाही.

त्या शांततेत मला जे उमगलं, ते मी पुढे अनेकांच्या बाबतीत पडताळलं आहे. त्याच्या १४३ कल्पनांमध्ये अंतराळ होतं, सामुराई होते, बुडालेली शहरं होती. जे तो जगात बहुतेकांपेक्षा बारकाईने जाणत होता, तेवढं वगळलेलं होतं. कंडक्टरचा मुलगा इंजिनिअर झाला, म्हणजे त्या ट्रेपासून लांब गेला. पुन्हा तिथेच बघायचं, तर एवढं शिकून मिळवलं काय? कल्पना सुचत नाही म्हणणाऱ्याला मी आता एक प्रश्न हमखास विचारते: कुठली गोष्ट तुला इतकी ओळखीची आहे की ती सांगण्यासारखी वाटत नाही? हा प्रश्न माझा स्वतःचा आहे, आणि तो क्वचितच वाया जातो.

लुकास पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ हा गेम २०१३मध्ये आला. खेळाडू सीमेवरच्या चौकीत बसून लोकांची कागदपत्रं तपासतो, बस. हा अमेरिकी माणूस जपानमध्ये राहायचा, विमानतळांवर इमिग्रेशनच्या रांगांत वारंवार उभा राहायचा. त्या रांगेत आपल्यातले कितीतरी जण उभे राहिले आहेत. पोप यांनी काउंटरच्या पलीकडच्या माणसाचे हात बघितले. अलीकडचा ‘वेंबा’ घ्या, २०२३चा. कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबातली आई इडली, पुट्टू करते, जुन्या वहीतली पुसट झालेली कृती खेळाडूने जुळवायची. ‘घरचं’ म्हणून आपण बाजूला ठेवतो ते हेच.

हात बघणं महत्त्वाचं. मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्याजवळ जग असतं, नायक असतो, नायकाचा भूतकाळ असतो. मी विचारते, खेळाडू काय करतो? उत्तरात एक क्रियापद हवं. टेट्रिसमध्ये रचतो. पोप यांच्या गेममध्ये तपासतो. निनादच्या खोलीभर मांडलेल्या गाडीत जुळवतो: नोट, माणसं, गाव. क्रियापद मिळालं की ते कागदावर, नाण्यांनी, चिठ्ठ्यांनी एका संध्याकाळी खेळता येतं. जे तसं खेळता येत नाही त्यावर लगेच सहा महिने घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘सेलेस्ट’ हा २०१८चा गाजलेला गेम, त्याचं पहिलं रूप दोघांनी चार दिवसांत केलं होतं. ‘वर्ल्ड ऑफ गू’ हा गेम ज्यातून निघाला, तो छोटा खेळ अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आठवड्याला एक गेम करायचा, अशा उपक्रमातला. तिथल्या मुलांनी आधी कल्पना निवडली नाही, आधी मुदत ठरवली.

म्हणून मुदत ठरवा. तीन कल्पना, तीन शनिवार-रविवार. फुली मारायची असेल तर खेळून झाल्यावर मारा, आणि एका शब्दात मारू नका. ‘दुसऱ्या फेरीला कंटाळा आला, कारण निवड करायला काही उरलं नाही’, असं पूर्ण वाक्य लिहा. त्या वाक्यातून पुढचा खेळ निघतो.

एक गोष्ट मात्र वेगळी सांगायला हवी. कल्पनाच काय, पण जेवण, मित्र, आवडते गेम, कशातच आठवडेच्या आठवडे मन लागत नसेल, झोप मोडली असेल, तर प्रश्न कल्पनेचा नाही. तेव्हा वही बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

निनाद दिवाळीला गावी गेला तेव्हा चिठ्ठ्या आणि नाणी घेऊन गेला. वडिलांसमोर खेळ मांडला. नोकरीबद्दलचं त्यांचं मत बदललेलं नाही, ‘बघ बाबा एखादी’ हे ते अजूनही म्हणतात. पण त्या रात्री ते साडेबारापर्यंत खेळत बसले. पहिल्याच फेरीत म्हणाले, ‘चेकिंगवाला कुठाय? चेकिंगवाला नाही तर मजा काय?’ मग तोही आला.

पंधरा दिवसांनी पुण्याला पार्सल आलं. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीवर वडिलांनी प्रवाशांचे प्रकार लिहून पाठवले होते, ३१. निनादने ती पानं मला दाखवायला आणली. ‘नोट मोठी, जायचं जवळ.’ ‘झोपेचं सोंग.’ ‘गाव चुकीचं सांगून पुढे उतरणारा.’ शेवटी होता ‘बाकी मागायला लाजणारा’.

‘हा सगळ्यात अवघड आहे, मॅडम,’ निनाद म्हणाला. ‘तो काही बोलत नाही, उतरून जातो. त्याची बाकी आपणच लक्षात ठेवायची.’