टेक्सासच्या मोठ्या लेकवर शॅलो क्रँकबेटने बास कसा धरायचा? नवी मुंबईत सराव होईल का?

ऑक्टोबरात मुलीकडे टेक्सासला जाणार, जावई सॅम रेबर्न लेकवर नेणार, आणि त्याआधी ऐरोलीत राहून हात बसवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नक्की येईल, फक्त मासा वेगळा. बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा, मूळचा उत्तर अमेरिकेचा. आपल्या खाडीत त्याच्या स्वभावाच्या जवळचा म्हणाल तर जिताडा. तोही आडोशाला दबा धरतो आणि समोरून जाणारं भक्ष्य एका घासात आत ओढतो.

आधी ल्यूर, म्हणजे खोटं आमिष, हातात घेऊन बघा. क्रँकबेट हा माशाच्या आकाराचा, गळ लावलेला ल्यूर. तोंडाशी प्लास्टिकची जीभ असते. ती आखूड आणि जवळजवळ उभी असेल तर क्रँकबेट उथळ चालतो, साधारण तीन ते पाच फूट. लांब आणि पुढे आडवी आलेली असेल तर खोल जातो. दोर जाड असला किंवा रॉडचं टोक वर धरलं की तोच ल्यूर आणखी वरून चालतो.

माझ्या मते सगळा खेळ धडक बसण्यात आहे. मोकळ्या पाण्यातून नुसता पोहत आलेला क्रँकबेट बास बघून सोडून देतो. बुंध्याला, दगडाला आपटून तो एकदम बाजूला उसळला की मात्र राहवत नाही. म्हणून पाच फुटांवर चालणारा ल्यूर तीन-चार फूट पाण्यात टाका, तळ खरवडत येऊ द्या. अडकेल ही भीती असते, पण ओढताना त्याचं नाक खाली असतं, जीभ आधी आपटते आणि गळ तिच्या मागे राहतात. अडकलाच तर ओढाताण नको. दोर सैल सोडा, बहुतेक वेळा तो मागे सरकून आपोआप वर तरंगतो. पुढच्या तिहेरी गळाचं खाली येणारं टोक कापून टाकलं तर अडकणं आणखी कमी होतं.

हाच सराव भरती चढताना दिवाळे किंवा सारसोळेच्या जेटीवर करा. पंधरा पौंड ताण सोसणारी मोनो (नायलॉनचा एकपदरी दोर) लावा, कालवं दोर कापतात म्हणून पुढे जाड लीडर (ल्यूरला लागूनचा दोराचा तुकडा). जिताडाच हवा असेल तर ओहोटी लागल्यावर, खारफुटीतलं पाणी जिथून खाडीत उतरतं त्या तोंडाशी. खारफुटीत शिरू नका, आणि फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग सोडाच. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण पात्यासारखं धारदार असतं, तिथे बोट घालू नका. मोठे जिताडे बहुतेक माद्या असतात (हा मासा आधी नर असतो, वाढला की मादी होतो), म्हणून मोठा लागला तर कृपा करून सोडा.

सॅम रेबर्न 1,14,000 एकरांहून मोठं आहे, तेव्हा मधलं पाणी विसरा. शरद ऋतूत शॅडचे थवे (आपल्या पाल्याच्या कुळातला मासा) लेकला मिळणाऱ्या ओढ्यांच्या फाट्यांत शिरतात आणि बास त्यांच्या मागे. अशा फाट्याच्या आतल्या टोकाला बुंधे शोधा आणि शॅडसारखा पांढुरका ल्यूर लावा. मासा लागला की हिसका देऊ नका, रील फिरवत रॉड बाजूला ओढा. क्रँकबेटचे बारीक गळ हिसक्याने सुटतात.

टेक्सासबाहेरच्यांना नॉन-रेसिडेंट लायसन्स लागतं. ऑनलाइन मिळतं, आधीच काढून ठेवा. ल्यूर चेक-इनच्या बॅगेत टाका.