लंडनला येताय? गाडी घेण्याआधी लायसन्सचं बघा

तुमचा प्रश्न असा आहे: ऑक्टोबरमध्ये पुण्याहून लंडनला येताय, दोघांकडेही महाराष्ट्राचं लायसन्स आहे, मुलगी सहा वर्षांची आहे, तर आल्या आल्या गाडी घ्यावी का, आणि इथलं लायसन्स कधी काढायचं? माझं सांगणं असं की लायसन्सचं काम पहिल्याच महिन्यात सुरू करा, गाडी सावकाश घ्या.

आपलं लायसन्स इथे चालतं, पण इथले रहिवासी झाल्यापासून १२ महिनेच. मध्ये भारतात जाऊन आलात म्हणून ते वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजलं जात नाही. काही देशांची लायसन्स इथे नुसती बदलून मिळतात, त्या यादीत भारत नाही. त्यामुळे एक्स्प्रेस-वेवर तुम्ही कितीही वर्षं गाडी चालवलेली असो, प्रोव्हिजनल (म्हणजे शिकाऊ) लायसन्स, मग थिअरी, मग प्रॅक्टिकल हे सगळं करावंच लागतं. वर्षाच्या आत पास झाला नाहीत तर गाडीला ‘एल’ची पाटी आणि शेजारी २१ वर्षांवरचं, किमान तीन वर्षं लायसन्स असलेलं कुणीतरी हवंच. एकट्याने चालवणं बंद.

घाई का, तर लंडनमधल्या प्रॅक्टिकल टेस्टच्या तारखा महिनोन्महिने पुढच्या मिळतात, आणि थिअरी पास झाल्याशिवाय ती तारीख घेताच येत नाही. थिअरीत ५० पैकी ४३ उत्तरं बरोबर यावी लागतात. त्यानंतर १४ व्हिडिओ क्लिप असतात: पार्क केलेल्या व्हॅनच्या मागून मूल रस्त्यावर येतंय असं दिसायला लागलं की लगेच माउस क्लिक करायचा. उशीर झाला की गुण कमी, आणि नुसतं सारखं क्लिक करत राहिलात तर त्या क्लिपचा शून्य. याचा सराव केल्याशिवाय जाऊ नका. अजून एक: टेस्ट ऑटोमॅटिक गाडीत दिलीत तर लायसन्सही ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं.

इथेही डावीकडूनच चालवायचं, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण खरा फरक पडतो तो थांबण्यात. झेब्रा क्रॉसिंगपाशी कुणी नुसतं उभं असलं तरी थांबायचं. २०२२ पासून हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, हेही आलंय की तुम्ही ज्या गल्लीत वळताय ती ओलांडायला कुणी उभं असेल तर आधी त्याला जाऊ द्यायचं. राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. गल्लीबोळांत हा राउंडअबाउट म्हणजे रस्त्यावर रंगवलेला एक पांढरा गोल असतो, पण नियम तोच.

हेडलाइटचं मात्र नीट लक्षात ठेवा, कारण आपली सवय नेमकी उलटी आहे. वस्तीतल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात आणि मधून एकच गाडी जाऊ शकते. समोरच्याने लाइट मारला तर आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतोय, बाजूला हो’. इथे तो बहुतेक वेळा ‘तू ये, मी थांबतो’ असं सांगत असतो. तो थांबलाय आणि तुम्हीही थांबलात, तर मागे रांग लागते. आणि तुम्ही आपल्या सवयीने ‘मी येतोय’ म्हणून लाइट मारलात, तर ‘तू ये’ असं समजून तो निघतोच. नियमाच्या पुस्तकात लाइटचा अर्थ फक्त ‘मी इथे आहे’ इतकाच आहे, म्हणून समोरची गाडी खरंच थांबलीये हे बघूनच पुढे व्हा. आणि गेल्यावर हात दाखवा, सगळे दाखवतात.

बाकी पैशांचं. इथे टोलनाके जवळजवळ नाहीतच, फास्टॅग नाही, सहसा कुणी अडवत नाही. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि पैसे भरण्याची आठवण तुम्हीच ठेवायची. मध्य लंडनमध्ये गाडी नेण्याचा कन्जेशन चार्ज २ जानेवारी २०२६ पासून दिवसाला १८ पौंड आहे. जुनी, जास्त धूर सोडणारी गाडी असेल तर यूलेझ या प्रदूषण-शुल्काचे, गाडी चालवाल त्या दिवसाचे, साडेबारा पौंड वेगळे, आणि ऑगस्ट २०२३ पासून ते लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (म्हणजे विभागांमध्ये) लागू आहेत. म्हणून सेकंडहँड डिझेल गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका, आधी तिचा नंबर टीएफएलच्या (लंडनच्या वाहतूक खात्याच्या) साइटवर टाकून बघा. साधारणपणे २००६ नंतरची पेट्रोल आणि सप्टेंबर २०१५ नंतरची डिझेल गाडी चालते. चौकात पिवळ्या जाळीचा चौकोन दिसला की पलीकडे जागा असल्याशिवाय त्यात शिरायचं नाही. तिथेही बऱ्याचदा दंड लावणारा कॅमेरा असतो.

घर बघतानाच एजंटला विचारा की रेसिडेंट परमिट, म्हणजे घराजवळच्या रस्त्यावर गाडी लावायचा परवाना, मिळतं का. नव्या इमारतींपैकी काही ‘कार-फ्री’ अटीवर बांधलेल्या असतात, तिथल्या रहिवाशांना परमिट मिळतच नाही. इन्शुरन्स पहिल्या वर्षी जड जातो, कारण भारतातला नो-क्लेम बोनस बहुतेक कंपन्या धरत नाहीत. इथलं लायसन्स हातात आलं की तो सहसा उतरतो; गाडी सावकाश घ्या म्हणते ते यासाठीही. हॅरो किंवा हाउन्स्लोसारख्या बाहेरच्या भागात राहणार असाल तर शाळेसाठी, वाणसामानासाठी गाडी उपयोगी पडेल. झोन दोनच्या आत, म्हणजे शहराच्या मध्याजवळ, असाल तर पहिलं वर्षभर बस आणि ट्यूबवर (म्हणजे मेट्रोवर) आरामात निघेल.

मुलीसाठी सीट मात्र हवीच, १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर यातलं जे आधी होईल तोपर्यंत. भारतातून आणू नका. इथल्या मान्यतेचं लेबल असलेली इथेच घ्या.