सेल्फ फिरतो पण डिझेल गाडी स्टार्ट होत नाही. चारही इंजेक्टर बदलायचे का?

इतक्यात नको. तुम्ही लिहिलंय की गाडी 1.3 लिटर कॉमन रेल डिझेल, जूनपासून देवगडला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. गणपतीला गावी आलात, सेल्फ मारला तर इंजिन पकडतच नाही, आणि गॅरेजवाल्याने स्कॅनरसुद्धा (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) न लावता चारही इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, गेले म्हणून सांगितलं. जूनमध्ये स्वतःच्या चाकांवर शेडमध्ये गेलेल्या गाडीचे चारही इंजेक्टर उभ्याउभ्या एकदम जायचे नाहीत. मी कुडाळकडे डिझेलचीच कामं करतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत माझा पहिला संशय बॅटरीवर, मग उंदरांवर, मग पाण्यावर.

बॅटरीचं असं की सेल्फ फिरतोय म्हणजे ती ठीक आहे, असं लोक धरून चालतात. मल्टिमीटर लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. व्होल्टेज साडेनऊ-दहाच्या खाली गेलं तर दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. सेल्फ रेंगाळत फिरला की हाय प्रेशर पंप दाब धरत नाही आणि ईसीएमलाही, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, पुरेसा करंट मिळत नाही. बॅटरी चांगली असूनही व्होल्टेज पडत असेल तर निगेटिव्ह वायर बॉडीला आणि गिअरबॉक्सला जिथे बोल्टने बसते ती जागा बघा. खाऱ्या वाऱ्यात तिथे हिरवट-पांढरी पूड धरते. पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळायची. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये थांबा.

मग बोनेट उघडून टॉर्च मारा. इंजिनावरच्या प्लास्टिक कव्हरखाली सुकलेला पाला, लेंड्या, कापसासारखं काही दिसलं तर इंजेक्टरच्या आणि क्रँक सेन्सरच्या वायरी बोटाने चाचपत शेवटपर्यंत जा. क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटला की इंजिन फिरतंय हेच ईसीएमला कळत नाही, मग तो डिझेल सोडत नाही. चावी फिरवल्यावर इमोबिलायझरचा (चावी ओळखली नाही तर गाडी सुरू न होऊ देणारी यंत्रणा) दिवा लुकलुकत राहतोय का, तेही बघून ठेवा. ग्लो प्लगवर (थंड इंजिन तापवणाऱ्या कांड्या) मात्र वेळ घालवू नका, आपल्याकडच्या हवेत हे इंजिन त्यांच्याशिवायही पकडतं.

पाण्यासाठी डिझेल फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून निघेल ते काचेच्या बाटलीत धरा आणि बाटली थोडा वेळ तशीच ठेवा. पाणी तळाशी बसतं, वर डिझेल. मधल्या रेघेवर काळसर बुळबुळीत साय दिसली तर पाणी टाकीत बरेच दिवस आहे, नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल. नवा फिल्टर बसवल्यावर हवा हातपंपाने काढायची, पंप कडक होईपर्यंत.

एवढं करूनही पकडली नाही तर स्कॅनर लागणारच. सेल्फ मारत असताना त्यावर दोन आकडे बघायचे, इंजिनाचा आरपीएम आणि रेल प्रेशर, म्हणजे चारही इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या सामाईक नळीतला दाब. आरपीएम साधारण 200 च्या आसपास हवा. शून्यच दाखवत असेल तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. रेल प्रेशरचं गणित जुन्या डिझेलपेक्षा वेगळं आहे. यात पंप फक्त रेलमध्ये दाब साठवतो, इंजेक्टर कधी उघडायचा ते ईसीएम ठरवतो. पळत्या गाडीत हा दाब 1600 बारपर्यंत जातो, स्टार्ट व्हायला गाडीगणिक दीडशे ते अडीचशे बार लागतो. तेवढा झाला नाही तर ईसीएम इंजेक्टर उघडत नाही, सायलेन्सरमधून धूरही येत नाही. उलट पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल तर डिझेल आत जातंय पण जळत नाही, मग शोध कॉम्प्रेशनच्या बाजूला.

समजा रेल प्रेशर पन्नाससुद्धा होत नाही. हवा, फिल्टर बघून झालंय. आता इंजेक्टरवर संशय घ्यायला हरकत नाही, पण मोजून. इंजेक्टरची सुई दाबानेच बसते आणि दाबानेच उचलली जाते, त्यात थोडं डिझेल रिटर्नच्या नळीने परत जातं. झिजलेल्या इंजेक्टरमधून ते इतकं जातं की रेलमध्ये दाबच साठत नाही. म्हणून चारही रिटर्न नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडतात आणि सेल्फ मारतात. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर गेला, तेवढाच काढून टेस्ट बेंचवर द्यायचा. चारही बाटल्यांत जेमतेम डिझेल आणि तरी दाब नाही, तर दोष पंपाचा किंवा प्रेशर रेग्युलेटर व्हॉल्व्हचा. इंजेक्टर बदलावाच लागला तर बऱ्याच गाड्यांत त्यावरचा कोड स्कॅनरने ईसीएममध्ये भरावा लागतो, तो भरणार का हे आधीच विचारा.

बंदरावर ट्रॉलरच्या इंजिनावर हात बसलेले मेस्त्री आपल्याकडे पुष्कळ, आणि माणसं हुशार. पण इंजेक्टरच्या पायपाचा नट सैल करून सेल्फ मारायची आणि हवा काढायची त्यांची जुनी रीत इथे अजिबात करू देऊ नका. या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. सुरुवातीला टोचल्याइतकंच वाटतं, आतलं मांस मात्र सडायला लागतं. असं कोणाला झालंच तर पट्टी बांधून बसायचं नाही, तडक मोठ्या दवाखान्यात.

आणखी एक. शेडमध्ये पाणी भरलं होतं का ते तुम्ही लिहिलेलं नाही. भिंतीवर पाण्याची रेघ एअर फिल्टरच्या उंचीपर्यंत दिसत असेल तर आता सेल्फही मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, ओला निघाला तर गाडी टोइंग करूनच न्या. कोरडा असेल तर गॅरेजवाल्याला रेल प्रेशरचा आकडा आणि चार बाटल्यांचा फोटो मागा. दोन्ही दाखवू शकत नसेल तर गाडी कणकवलीला न्या, अशा ठिकाणी जिथे स्कॅनर आहे आणि तो वापरतात.